गप्प केलेला दिवा

१

लंकाबाईचा उजवा हात कोपरापासून गेला तो मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता. दिंडोरीच्या एका वायनरीत द्राक्षाचे मणी देठापासून सुटे करणारं नवं मशीन बसवलं होतं. त्यात घड अडकला म्हणून तिनं झाकण उघडलं. झाकण उघडलं की आतला दांडा थांबायला हवा. तो थांबला नाही.

गुरुवारी दुपारी अंजली पगारे माझ्या सिडकोतल्या घरी आली आणि चप्पल न काढता थेट खुर्चीत बसली. ही मुलगी आमच्याच कॉलनीतली. दहावीपासून माझ्याकडे शिकायला यायची. आता अंबडच्या ‘सप्तधारा कंट्रोल्स’मध्ये मशीनच्या आतल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिते. त्या कंपनीत जाऊ नकोस असं मी तिला बजावलं होतं. ती गेली.

तिनं माझ्यापुढे एक टाइप केलेला कागद ठेवला. ‘झाकणाच्या सेन्सरचा प्रोग्राम माझ्या हातून अनवधानाने अपूर्ण राहिला.’ खाली तिचं नाव आणि सहीसाठी रेघ.

“सोमवारी कारखाना निरीक्षक येणार आहेत,” ती म्हणाली. “त्याआधी सही कर म्हणतात. केली तर कंपनी वकील देईल. नाही केली तर पोलिसांना मी एकटीनं तोंड द्यायचं. लॅपटॉपही काढून घेतलाय बाई.”

“खरं सांग. अपूर्ण राहिला होता?”

“हो. सेन्सरच आला नव्हता, तर लिहिणार काय? मशीन आधी बसवून घ्या, सेन्सर मागून येईल, असं ठरलं होतं.” ती माझ्याकडे पाहू लागली. “पण मी बोंब लावली होती, बाई.”

बोंब म्हणजे काय ते सांगायला हवं. ऐंशीच्या दशकात अंबडला आजूबाजूला शेतंच होती आणि आम्ही सायकलीवरून कामाला जायचो. तेव्हा पॅनेलच्या तारा जोडणाऱ्या आम्हा बायकांची एक रीत होती. काम अर्धं राहिलं की त्या तारेला लाल चिंधी बांधायची. सुट्टी झाली, माणूस बदलला, तरी चिंधी दिसली की कळायचं, इथं हात लावू नका. पुढे मी प्रोग्राम लिहायला लागले. चिपमध्ये चिंधी कशी बांधणार? म्हणून बोंब. ती प्रोग्राममध्ये एका बाजूला लिहून ठेवायची आणि जो भाग अपुरा, त्याच्या तोंडाशी तिला एक हाक लिहायची. मशीन चालता चालता त्या भागापाशी आलं की लाल दिवा लागतो, पडद्यावर ‘काम अपुरे’ असं येतं आणि मशीन जागीच थांबतं. अपुरं काम कागदावर लपतं. चालत्या मशीनमध्ये त्याला लपू द्यायचं नाही.

“बोंब लावली असती तर ते मशीन सुरूच झालं नसतं,” मी म्हटलं.

“तेच तर म्हणतेय मी!” अंजली ओरडली. “मग ते तीन आठवडे चाललं कसं?”

२

तो कागद मी पुन्हा वाचला. ‘अनवधानाने’. असाच एक शब्द मी चौतीस वर्षांपूर्वी वाचला होता. ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’.

तो कामगार म्हणजे देवराम, माझा नवरा. आम्ही दोघंही याच कंपनीत होतो. तेव्हा तिचे मालक होते झुंबरशेठ, आताच्या राकेशचे वडील. १९९१ साली आम्ही एका पत्र्याच्या प्रेसचं कंट्रोल बनवलं. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, हा भाग माझा आणि तो अपुरा होता. मी बोंब लावून बाळंतपणाला माहेरी गेले. देवराम चाचणीला उभा राहिला आणि प्रेस त्याच्यावर आली. अहवालात आलं, निष्काळजीपणा. तोंडी पसरवलं गेलं की, प्यायला होता. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात कधी दारूला हात लावला नव्हता.

परत आल्यावर मी त्या प्रेसची चिप काढून घेतली आणि वाचली. माझी बोंब शाबूत होती, पण तिला मारलेली हाक नव्हती. हाकेची तीन अक्षरं होती, तिथं तीन शून्यं.

त्या काळच्या चिपला वर काचेची खिडकी असायची. लिहिलेलं बदलायचं तर ती निळ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवून सगळी पुसावी लागे. पण एक पळवाट होती. शून्य मात्र कशावरही, कधीही, न पुसता लिहिता यायचं, पाटीवर काळं फासावं तसं. आणि त्या चिपच्या भाषेत शून्याचा अर्थच होता ‘काही करू नकोस, पुढे जा’. ८८च्या उन्हाळ्यात आमचा निळा दिवा जळाला तेव्हा ही युक्ती मीच शोधली आणि टेबलाशी उभं राहून झुंबरशेठना दाखवली. शेठ स्वतः इंजिनिअर होते. भिंग धरायला ज्ञानेश होता. एकवीस वर्षांचा, हंगामी, घाबरट पोरगा. बाकी कोणाला मी ती कधी सांगितली नाही.

म्हणून हे झुंबरशेठनीच केलं याबद्दल मला कधी शंकाच आली नाही. मशीन वेळेवर पोचवायची घाई मालकालाच असते. तेराव्याच्या दिवशी झुंबरशेठ माझ्या दारात आले. “बाई, ते मी—” एवढंच बोलले आणि मी दार त्यांच्या तोंडावर लावलं. ती चिप मी कुंकवाच्या करंड्यात ठेवली, उजेडानं काही पुसलं जाऊ नये म्हणून खिडकीवर काळी पट्टी चिकटवून. कुंकू मी त्यानंतर लावलं नाही. करंडा मात्र दर महिन्याला पुसत आले.

अंजलीला मी विचारलं, “मशीन अजून तिथंच आहे?”

“हो. सील केलंय.”

“उद्या जाऊ. आधी लंकाबाईकडे.”

३

सरकारी दवाखान्यात लंकाबाई उशीला टेकून बसली होती. हरसूलकडची बाई, हंगामात द्राक्षाच्या कामाला दिंडोरीत येणारी. अंजलीनं ओळख सांगितली तशी तिनं तोंड फिरवलं.

“तूच का ती? कंपनीवाले आल्ते. म्हणले, एका पोरीची चुकी हे.”

“त्यांनी सांगितलं. तुम्ही काय पाहिलं ते मला सांगा,” मी म्हटलं.

तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं. “पहिल्या दिशी मशीन चालूच व्हईना. लाल दिवा लागायचा, इझायचा. मुकादम लय शिव्या द्येत व्हता. मंग चार दिसांनी कंपनीचं पोरगं आलं, डबड्याला वायर लावली. घटकाभरात दिवा गेला. म्या म्हणलं, बरं झालं बाई, नीट झालं.” तिनं डाव्या हातानं चादर ओढली. “हात मागून भेटायचा नाय, मला ठावं हे. पण दिवा कुणी घालवला त्याचं नाव मला पायजे. आणून द्याल?”

“देईन,” मी म्हटलं. असंच एक नाव मी स्वतः चौतीस वर्षं उराशी धरून होते.

वायनरीचा सुपरवायझर दीपक आम्हाला मशीनजवळ जाऊ द्यायला तयार नव्हता. “सील आहे आजी.”

“सील कुठं आहे?”

त्यानं वाकून पाहिलं. “झाकणाला.”

“आणि मला पाहायचंय कंट्रोलच्या डब्यात. झाकणाशी माझं काही काम नाही. मी काही लिहिणार नाही, फक्त वाचणार. तू मोबाइलवर चित्रण कर.”

तो हसला. “आजी, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं,” असं म्हणून त्यानं मोबाइल काढला.

अंजलीनं भावाचा लॅपटॉप जोडला आणि चिपमधलं सगळं वाचून घेतलं. मी चष्मा पुसून पडद्याजवळ बसले. बोंब होती. दिवा लावण्याचं काम, ‘काम अपुरे’ ही अक्षरं, सगळं जागच्या जागी. झाकणाचा भागही होता. त्याच्या शेवटी अंजलीनं ‘झाकण बंद आहे’ असं उत्तर लिहिलं होतं, कारण काहीतरी उत्तर लिहावंच लागतं. बोंब वाजली असती तर मशीन त्या उत्तरापर्यंत पोचलंच नसतं.

“हाक कुठं आहे?” मी विचारलं.

अंजलीचं बोट पडद्यावर थांबलं. “इथं असायला हवी होती.”

तिथं चार शून्यं होती.

तीन काय, चार काय. नव्या चिपमध्ये हाक चार अक्षरांची असते, एवढाच फरक. तोच हात. मी मोठ्यानं म्हटलं, “झुंबरशेठ!”

“बाई, काय बोलताय?” अंजली म्हणाली. “मोठे शेठ वारून सहा वर्षं झाली.”

४

शनिवारी मी अंबडला गेले. चौतीस वर्षांत त्या फाटकातून आत गेले नव्हते. आंब्याचं झाड तोडलं होतं. तिथं गाड्या लावत होते.

ओम हा सर्व्हिसचा मुलगा. दिंडोरीला तोच गेला होता. “मी काही बदललं नाही हो आजी. बाकीच्या मशीनना सिमकार्ड असतं, फाइल इथूनच जाते. त्या मळ्यात रेंज नाही, म्हणून मला जावं लागलं. ऑफिसच्या मेलवरून फाइल आली, मी ती चढवली.”

“मेल कोण वापरतं?”

“सगळेच. पासवर्ड भिंतीवर चिकटवलाय.”

“बरं, एक सांग. मूळ प्रोग्राम हाताशी नाही, नुसती चिपची फाइल आहे. त्यातली एक हाक काढायची. काय करशील?”

तो हुशार होता, लगेच म्हणाला, “त्या जागी ‘काही करू नकोस’चा कोड भरीन.”

“म्हणजे शून्य?”

“शून्य कशाला? या चिपमध्ये त्यासाठी वेगळा कोड आहे. शून्याचा अर्थ निराळा होतो. डाव्या हातातली वस्तू डाव्याच हातात ठेव, असं काहीतरी. बिघडत काही नाही, पण असं कोणी लिहीत नाही.”

राकेश केबिनमध्ये होता. वडिलांसारखाच रुंद चेहरा.

“मी कॉमर्सचा माणूस बाई. कोडमधलं मला अक्षर कळत नाही,” तो म्हणाला. “अंजलीचं काम अपुरं होतं, हे तीच कबूल करते. मी आणखी काय बोलणार?”

“दिवा बंद करा असं तुम्ही कोणाला सांगितलं होतं?”

“मशीन चालू करा असं सांगितलं. हंगाम चालू आहे, गिऱ्हाईक दिवसाला दहा फोन करतं. कसं चालू करायचं ते मी सांगत नाही.” मी उठले तसा तो चाचरत म्हणाला, “पप्पा शेवटी आजारी होते ना, तेव्हा तुमचं नाव काढायचे. चांगुणाबाईंनी माझं ऐकून घेतलं नाही, म्हणायचे. काय होतं ते?”

मी बाहेर पडून केबिनचं दार ओढून घेतलं.

चाचणी विभागात ज्ञानेश भेटला. आता विभागप्रमुख, टक्कल पडलेला, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला. वाकून पाया पडला. देवरामच्या अंत्ययात्रेत हा सगळ्यात जास्त रडला होता. तेव्हापासून दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन माझ्याकडे येतो. मी त्याच्या मुलीच्या लग्नात मिरवले आहे.

“तिळगूळ घ्या बाई. संक्रांतीचा उरलाय.” वडी माझ्या हातावर ठेवून तो म्हणाला, “अंजलीचं वाईट वाटतं. पण नवी पोरं घाईत असतात. बोंब लावायलाच विसरली असेल.”

“लावली असती तर?”

“मग दिवा लागला असता ना!” तो हसला. “आणि आठ दिवसांत सेन्सर येणारच होता. नशीब त्या बाईचं.”

त्याच्या मागे फळीवर निळ्या दिव्याची जुनी पेटी होती. धूळ नव्हती तिच्यावर. तिळाची वडी माझ्या हातात विरघळायला लागली, तरी मी ती खाल्ली नाही. चालत सिडकोपर्यंत आले. सगळ्या वाटेत मी चौतीस फराळाचे डबे मोजत होते.

५

सोमवारी अकराला मीटिंगच्या खोलीत राकेश, ओम, ज्ञानेश, अंजली आणि कारखाना निरीक्षक चैताली मॅडम होत्या. मी बोलावल्याशिवायच गेले.

“या कोण?” मॅडमनी विचारलं.

“या कंपनीची पहिली बोंब लिहिणारी,” मी म्हटलं, आणि करंडा टेबलावर ठेवला.

सही न केलेला कागद अंजलीनं पुढे सरकवला. दीपकचं चित्रण आणि चिपमधलं लिखाण मी मॅडमना दाखवलं.

“बघा. बोंब चिपमध्ये अजून आहे. तिला हाक मारणारं कोणी नाही. हाकेच्या जागी चार शून्यं आहेत. हे अंजलीनं केलं असतं तर मूळ प्रोग्राम तिच्यापाशी होता. तिनं ओळ खोडली असती, पुढचं सगळं वर सरकलं असतं, जागा उरलीच नसती. ही जागा तशीच राहिली, याचा अर्थ मूळ प्रोग्राम नसलेल्या माणसानं तयार फाइलवर हात मारला.”

“मग ओम?” राकेश म्हणाला.

“आजी!” ओम उडालाच.

“ओमनं त्या चिपचा खरा कोड भरला असता. शनिवारी विचारल्याबरोबर सांगितलं त्यानं. तुम्ही राकेशशेठ, तुम्हाला शून्य आणि वांगं यातला फरक कळत नाही. रागावू नका. शून्य म्हणजे ‘काही करू नकोस’ हे ज्याच्या हाडात मुरलंय, असा माणूस जुन्या चिपवर शिकलेला असतो. नव्या चिपला त्यानं जुन्याच भाषेत सांगितलं. मशीन चाललं, म्हणून आपली चूक झाली हे त्याला कळलंच नाही.”

मी करंड्यातली चिप बाहेर काढली. “ही १९९१ची. माझ्या नवऱ्याला मारलेल्या प्रेसची. हिच्यात तीन शून्यं आहेत. ही युक्ती तीन माणसांना ठाऊक होती. एक मी. दुसरे झुंबरशेठ. त्यांना मी चौतीस वर्षं शाप देत आले. पण मेलेला माणूस दिंडोरीची फाइल बदलायला येत नाही.”

राकेशनं मान वळवून ज्ञानेशकडे पाहिलं.

“बाई, शून्य काय, कोणीही टाकेल,” ज्ञानेश म्हणाला.

“मग भिंतीवरच्या फळ्यावर लिही. या नव्या चिपला ‘काही करू नकोस’ कसं सांगायचं? लिही ना. तू विभागप्रमुख आहेस.”

त्यानं खडू उचलला. बराच वेळ फळ्यासमोर उभा राहिला आणि खडू खाली ठेवला.

“आठ दिवसांचा प्रश्न होता,” तो भिंतीकडे तोंड करून बोलला. “सेन्सर आला की परत जोडणार होतो.”

“आणि ९१ साली?”

“तेव्हा... शेठ म्हणाले होते, हे मशीन शनिवारी गेलं तर तुला कायम करतो. बटणांचं काम तुम्ही आल्यावर होणारच होतं. मला वाटलं, चाचणीत दोन तास काय होतंय? देवरामभाऊंना सांगणार होतो मी. चहाला गेलो आणि...” तो मटकन खाली बसला. “शेठना दुसऱ्या दिवशी कळलं. ते तुम्हाला सांगायला आले होते. तुम्ही दार लावलंत. मग तेही गप्प बसले.”

म्हणजे झुंबरशेठना माहीत होतं. एका बंद दारावरून ते परत गेले आणि देवराम प्यायला होता हे लोकांना बोलू दिलं. मी त्यांना दिलेले शाप मोजून परत घेणार नाही. थोडे त्यांच्या वाट्याचे होतेच.

ज्ञानेशनं माझे पाय धरले. “चौतीस वर्षं तुमच्या दारी येतोय बाई. एक दिवस झोप नाही. पोलिसांत नका देऊ. सगळं परत नीट करतो, तुम्ही म्हणाल तसं.”

“टेबलाशी उभं राहून मी तुला काय शिकवलं होतं? शून्य कशावरही लिहिता येतं. आणि शून्यावर?”

त्यानं पाय आणखी घट्ट धरले.

“बोल.”

“काही लिहिता येत नाही,” तो पुटपुटला. “सगळी चिप पुसावी लागते.”

“मग पाय सोड.”

चैताली मॅडमनी त्याचा जबाब लिहून घेतला. मी त्यांना बजावलं, “९१चंही त्यात येऊ द्या. देवराम शुद्धीत होता, हे वाक्य मला त्याच शब्दांत हवंय.” त्यांनी ते लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. मी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मग मी राकेशला विचारलं, “ही चार शून्यांची फाइल आणखी किती मशीनमध्ये गेली?”

ओमनं उत्तर दिलं. “आठ.”

“त्यांचे सेन्सर आले?”

“नाही.”

“बाई, हंगाम ऐन भरात आहे,” राकेश घाईघाईनं म्हणाला. “आम्ही एकेका गिऱ्हाइकाशी शांतपणे बोलतो. नाव जाईल कंपनीचं. पप्पांनी उभी केलेली कंपनी आहे.”

“माहीत आहे. मी तिथंच होते.” मी अंजलीकडे वळले. “तुझी मूळ फाइल पाठव. आठही मशीनना. बोंबेसकट.”

तिनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी होकाराची मान हलवली. राकेशनंच तिचा लॅपटॉप आणून दिला. साडेबारा वाजले होते, सगळीकडे जेवणाची सुट्टी. मशीन बंद असताना फाइल आत जाते आणि पुन्हा सुरू करताना लागू होते.

मी केबिनबाहेरच्या बाकावर बसले. पूर्वी इथं आमचा डबा खायचा बाक असायचा, देवराम खिडकीच्या बाजूला बसायचा. सव्वाला पहिला फोन वाजला. “काय हो, तुमचं मशीन लाल दिवा मारतंय! सुरूच होईना!” लगेच दुसरा. मग राकेशचा मोबाइल, मग ओमचा, मग टेबलावरचा. पिंपळगाव, निफाड, चांदवड. मी बोटं मोजत होते. आठवा फोन येईपर्यंत उठले नाही.

मग करंडा पिशवीत ठेवला आणि रिक्षा करून दवाखान्यात गेले. लंकाबाई जागी होती.

“आणलं?” तिनं विचारलं.

मी नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट. तिनं ते दोनदा माझ्याकडून ऐकून घेतलं. मग डोळे मिटून तिसऱ्यांदा स्वतःच म्हटलं, पाठ करावं तसं.